दोन दरखास्ती

माझी सगळी नोकरी मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, गेली. कागदावर मी कारकून होतो, पण खरं काम वेगळंच होतं. आमचा भाग सीमेवरचा, राज्य तेलुगू. इथला शेतकरी मराठी बोलतो, साहेब तेलुगू बोलतात आणि मधे मी उभा. पहाणीत, म्हणजे सातबाऱ्यावर, नाव चुकलंय, बांध सरकलाय, भावाभावांत वाटणी करायची आहे, असं काही घेऊन माणूस आला की तो मला सांगायचा, मी साहेबांना. साहेब मला सांगायचे, मी त्याला. तेलुगू मी तिशीत शिकलो. दुकानांच्या पाट्या वाचून आणि लोकांचं हसणं सोसून. पण शिकल्यावर इकडचा शब्द तिकडे नेताना मी कधी फेरफार केला नाही. साहेबांनी शिवी दिली तर शिवीच सांगितली. याचा मला अभिमान होता. पुढचं लिहायला इतकी वर्षं लागली ती त्यामुळेच.

बाजारहत्नूर मंडलात आमचं गाव आहे. निवृत्त झाल्यावर मी गावीच राहायला आलो. बायको त्याआधीच गेली होती. घरात मुलगा, सून, त्यांची एकुलती मुलगी आणि मी. मुलगा कापूस आणि ज्वारी करतो. तो मुळात अबोल. बोलायचं असलं तरी आधी बैलाशी बोलेल, मग माणसाशी. त्यामुळे नातीला बापाकडून काही हवं असलं की ती माझ्याकडे यायची आणि हात जोडून म्हणायची, "आबा, माही दरखास्त लावा." जत्रेला जायचं, नवी चप्पल पाहिजे, मांजरीचं पिल्लू ठेवायचं, सगळं माझ्यामार्फत. मी गंभीर चेहऱ्याने ऐकायचो, मुलाला सांगायचो आणि तिला येऊन कळवायचो, "मंजूर." हा आमचा खेळ होता. हळूहळू मुलगाही मलाच विचारायला लागला, "आबा, तिले काय पाहिजे, जरा इचारा ना." एकाच घरात बाप आणि लेक माझ्या तोंडून बोलायचे आणि मला ते आवडायचं.

नात चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. पाचवीपासून मुलींच्या निवासी शाळेत प्रवेश मिळतो, त्याची परीक्षा तिने दिली. अर्ज मी भरला होता. अभ्यासही मीच घेतला. ती पास झाली तेव्हा मी इचोड्याहून पेढे आणले आणि गावात वाटायच्या आधी माझ्या जुन्या कचेरीत नेऊन वाटले. याचं कारण सांगायला हवं. माझा मुलगा दहावीला तेलुगूत दोनदा नापास झाला होता. ज्याचा बाप कचेरीत तेलुगू सांगतो त्याचाच पोरगा तेलुगूत नापास, म्हणून माझ्या बरोबरीचे लोक वर्षानुवर्षं हसले. ते पेढे त्या हसण्याला दिलेलं उत्तर होतं. नातीच्या हिताचं म्हणून मी जे जे त्या काळात बोललो, त्यातलं निम्मं तरी या पेढ्यांसाठी होतं.

त्या उन्हाळ्यात मी तिला तेलुगू बोलायला शिकवलं. नियम असा की दुपारच्या जेवणापर्यंत तेलुगू, जेवणानंतर मराठी. सकाळी मी तातय्या, दुपारनंतर आबा. तेलुगूत 'रा' म्हणजे ये. आमच्या बोलीत 'रा' म्हणजे राहा: गप रा, उभी रा. अंगणाच्या त्या टोकाला तिला उभी करून मी ओरडायचो, "रा!" सकाळ असली तर तिने पळत यायचं, दुपार असली तर जागेवर खिळून राहायचं. ती कधी मुद्दाम चुकायची आणि म्हणायची, "माह्यं घड्याळ मराठी हाय."

मोठ्या माणसाला मात्र 'रा' म्हणत नाहीत, 'रंडि' म्हणतात, म्हणजे 'या'. हा शब्द तिने पहिल्यांदा मोठ्याने म्हटला तेव्हा सून पिठाच्या हातानेच बाहेर आली.

"मामाजी, हे काय शिकवून राह्यले पोरीले?"

"अवं, तेलुगूत अदबीनं 'या' म्हणाले हाच शब्द हाय."

"मले माहीत हाय. इचोड्याच्या बाजारात दिवसभर तेच ऐकते मी. बाजारात म्हणा. माह्या चुलीजवळ नाई."

नात हसून हसून लोळली. पण त्यानंतर तो शब्द म्हणायची तिला लाज वाटायला लागली. मग मी तोड काढली. बाहेरच्यांना तो शब्द म्हणायचा, मला नुसतं 'रा' म्हटलं तरी चालेल. आजोबाला चालतं तसं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडणार होती. आधीचे चार दिवस मला क्रमाने आठवतात.

पहिल्या दिवशी मी तिला घेऊन इचोड्याला गेलो आणि पत्र्याची पेटी घेतली. पेंटरने पेटीवर तेलुगूत नाव लिहिलं. तिने ते बोट ठेवून वाचलं आणि पेंटरला विचारलं, "याच्याखाली मराठीतबी लिवता का?" त्याला मराठी येत नव्हतं. मी म्हणालो, तिथे मराठी कोण वाचणार आहे? परत येताना ती बसमध्ये पेटीवर बसली आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वावरात गेलो. पेरणीआधी जमीन साफ करायची असते, गेल्या साली उभ्या असलेल्या ज्वारीची धसकटं वेचायची असतात. सकाळचं ऊन होतं. मुलगा आणि सून पुढच्या ओळीत होते, मी आणि नात मागे. तिच्या ओच्यात धसकटं होती. ती वेचता वेचता थांबली आणि मराठीत म्हणाली, "आबा, माही एक दरखास्त हाय."

मी म्हणालो, सकाळ आहे, तेलुगूत सांग.

"नाई. हे तेलुगूत नाई येत मले." मग खाली बघत म्हणाली, "मले नाई जायचं. पाचवी इथं करतो, सहावीले जातो. तुमी बाबाले सांगान?"

"काऊन नाई जायचं?"

"तिथं मी कोणासंगं बोलू? सकाळी तेलुगू बोलीन. दुपारी कोणासंगं बोलू?"

मी म्हणालो, "सांगतो."

त्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता, मी अंगणात बाजेवर बसलो होतो. मुलगा बैल बांधून आला आणि माझ्या पायथ्याशी बसला. मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला.

"आबा, एक म्हणू का?"

"म्हण."

"पोरगी लहान हाय अजून. पाचवी इथंच करू देता का तिले? सहावीले पाहू मंग."

अगदी तेच शब्द. दोघांनी ठरवून बोलावं तसे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की अरे, तीही हेच म्हणते. सगळं तिथेच मिटलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर कचेरी आली, पेढे खाल्लेली तोंडं आली. आणि मी म्हणालो, "अरे, तिलेच जायचं हाय. आज वावरात म्हणे मले, कवा जातो अन् कवा नाई असं झालं."

"खरंच म्हणे?"

"मंग मी खोटं सांगतो का?"

तो बाजेची सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "तिच्या मनात हाय तं जाऊ द्या. आपून आडवं काऊन याचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नात दात घासतानाच माझ्याकडे आली. "काय झालं माह्या दरखास्तीचं?"

मी म्हणालो, "नामंजूर."

मी तो शब्द खेळातल्यासारखा म्हटला. ती हसली नाही. "काऊन?"

"बाबा म्हणते, जाच लागते."

"तुमी बराबर सांगितलं ना पण?"

"बराबर सांगितलं."

असं मी दोघांचं काम केलं. दोन दरखास्ती एकाच टेबलावर आल्या होत्या, दोन्हींत मागणं एकच होतं आणि मी दोन्ही एकमेकांच्या नावाने फेटाळल्या. कचेरीत असं कोणी केलं असतं तर मीच त्याची तक्रार केली असती.

तो सगळा दिवस मुलाने काम सोडून तिच्या सामानाचं बघितलं. बादलीची कडी ढिली होती ती तारेने पक्की केली. ताटाच्या कडेला खिळ्याने खूण कोरली, म्हणजे इतर पोरींच्या ताटात मिसळायला नको. हायवेवरून ताडगोळे घेऊन आला, तिला फार आवडायचे. स्वतः सोलून वाटीत ठेवले. ती म्हणाली, "मले नाई पाहिजे," आणि आत गेली. तो वाटी घेऊन तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आतापासूनच तिचं मन तिकडं लागलं, नाई का आबा?"

मी म्हणालो, "पोरींचं असंच असते."

सुनेच्या लक्षात आलं होतं. कुरडया डब्यात भरता भरता तिने मला विचारलं, "मामाजी, बाप-लेकीचं काय बिनसलं? दोघंबी भिंतीकडं पाहून जेवून राह्यले." मी म्हणालो, जायच्या वेळी होतं असं.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. सून आली नाही. "मी आले तं तिले सोडून वापस येणं माह्यानं होणार नाई," म्हणाली. गावातल्या एकाचा ऑटो ठरवला होता. मुलगा पुढे बसला, मी आणि नात मागे, पायाशी पेटी. शाळेत त्याने पेटी आत नेऊन ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे ऑटोजवळ उभा राहिला. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. कागद मी भरले. मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं. मग मी तिला म्हणालो, बरं, येतो, आणि फाटकाकडे चालू लागलो.

फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. "तातय्या, रा!"

मी वळलो. व्हरांड्यात मुली ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या, त्या ओळीबाहेर ती एकटी. मी हात वर केला, जसं आपण निरोपाला करतो तसा, आणि पुन्हा वळलो.

घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे. पुढचं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. तिने दुसरी हाक मारली. या वेळी ती 'रा' म्हणाली नाही. तिला वाटलं असेल, आबांचा गोंधळ झाला, त्यांना ते मराठी वाटलं. म्हणून तिने तो दुसरा शब्द वापरला, ज्याचा 'राहा' असा अर्थ निघू शकत नव्हता, जो म्हणायची तिला लाज वाटायची. सगळ्या मुलींसमोर, बेंबीच्या देठापासून ओरडली, "तातय्या, रंडि!"

फाटकावर एक पहारेकरीण होती. ती हसून मला तेलुगूत म्हणाली, केवढ्या अदबीने बोलते तुमची नात.

मी तिला म्हणालो, "मीच शिकवलंय."

आणि बाहेर पडलो.

ऑटोजवळ मुलाने विचारलं, "काय म्हणत होती?" मधे ट्रक जात होते, त्याला ऐकू आलं नव्हतं, नुसती ती ओरडताना दिसली होती.

"रा म्हणे."

"म्हणजे बलावत होती?"

"नाई रे. आपल्या बोलीतलं रा. सुखात रा म्हणे आबा."

माझ्या तेलुगूवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. घरापर्यंत त्याने दोनदा विचारलं, "सुखात रा म्हणे?" आणि घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, पोरगी खुशीत राहिली.

दसऱ्याच्या सुट्टीत ती आली तेव्हा ही गोष्ट निघाली. ती म्हणाली, "मी तं या म्हणत होती!" सून हसायला लागली, मुलगा हसला, आणि शेवटी तीही हसली. एवढी नोकरी तेलुगूवर काढली आणि आबा पहिल्याच शब्दाला चुकले, म्हणून माझी थट्टा झाली. मी ती करू दिली. मीही मान हलवत हसलो. पाहुणे आले की हा किस्सा व्हायचा, आणि मला दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं, कारण हसताना कोणी पुढचं विचारत नाही. दुसऱ्या हाकेबद्दल ती काही बोलली नाही. ती का बोलली नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

ती तिथे चांगली शिकली. तेच माझ्या अंगावर आलं. ती रडत परत आली असती तर सगळं तेव्हाच उघडं पडलं असतं. पण तिचे नंबर येत गेले, गावातले लोक मला म्हणायला लागले, तुम्ही होते म्हणून पोरगी पुढे गेली. फक्त बापाशी ती दोन शब्दांपलीकडे बोलेना. रविवारी फोन यायचा, ती आईशी अर्धा तास बोलायची, माझ्याशी बोलायची, आणि बापाला फोन दिला की "हो", "नाई", "बरी हाय". तिच्या मनात पक्कं होतं की आपण हात जोडून मागितलं आणि बापाने नाही म्हटलं. त्याच्या मनात पक्कं होतं की पोरीला घरातून निघायची घाई झाली होती. दोघं समजूतदार. दोघांनी कधी तक्रार केली नाही. तो फोन परत सुनेकडे द्यायचा आणि गोठ्याकडे जायचा.

आता ती हैदराबादला नर्सिंग शिकते. या उन्हाळ्यात पंधरा दिवस आली होती. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आबा, तिले जरा इचारा ना, उद्या इचोड्यापर्यंत मी पोचवाले येऊ का? का एकटीच जाते म्हणते?"

पन्नाशीला आलेला माणूस. ती दहा पावलांवर दोरीवरचे कपडे काढत होती. त्याला तिला एवढंही विचारता येत नव्हतं, आणि ते न येण्याची सोय मी करून ठेवली होती.

मी तिला हाक मारली. दोघांना समोर बसायला सांगितलं. ती कपडे मांडीवर घेऊन बसली, तो उभाच राहिला. मी जे वावरात ऐकलं ते सांगितलं, बाजेवर ऐकलं ते सांगितलं, आणि कोणाला काय खोटं सांगितलं तेही सांगितलं. पेढ्यांचंही सांगितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मला वाटलं होतं मुलगा रागावेल. पण ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमी खरंच म्हणलं होतं? सहावीले पाहू म्हणून?"

"हो."

"अन् मी म्हणलं होतं सहावीले जातो."

"मले काय माहीत, बाई. मले वाटलं, तुले जायाची घाई झाली. ताडगोळेबी नाई खाल्ले तू."

"मले वाटलं, मन मोडलं माह्यं अन् आता ताडगोळे चारून राह्यले."

तो म्हणाला, "येडी हाय का तू?" आणि तिथेच खाली, तिच्याजवळ बसला. मग त्याने विचारलं, तिथे पहिले दिवस कसे गेले. आठ वर्षांनी. ती सांगायला लागली. ताटावरची खूण बघत जेवायची, म्हणाली. रात्री झोपताना मनातल्या मनात मराठी बोलायची, तोंडाने नाही, शेजारच्या मुली हसतील म्हणून. तो मधेमधे विचारत होता, "मंग?" एवढं लांब बोलणं मी त्याच्या तोंडून घरात कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या हाकेचं मला तेव्हा सांगायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला होता. पण ती दोघं बोलत होती आणि मधे बोलायची माझी हिंमत झाली नाही, की मी पुन्हा एकदा सोय बघितली, हे मला नीट सांगता येत नाही. म्हणून ते इथे लिहिलं आहे. तिला मराठी वाचता येतं. हे कागद मी तिच्याकडे पाठवणार आहे.

ती माझ्यावर ओरडली नाही. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "आबा, तुमी आत जा. ऊन लागन." आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. रुग्णाला सांगतात तसं सांगितलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी आत गेलो आणि खाटेवर बसलो. बाहेर दोघांचं बोलणं चालू होतं. भिंतीआड मला आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. सून दारात येऊन म्हणाली, "मामाजी, काय बोलून राह्यले थे दोघं?"

मी म्हणालो, "मले माहीत नाई. तूच जाऊन इचार."